गॅस गँगरीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्जरी वॉर्डातून पेशंटचे नातेवाईक सॅम्पलची बाटली घेऊन आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबच्या खिडकीशी येतात आणि तिथंच उभ्याउभ्या जे प्रश्न विचारतात ते इथं एकत्र लिहिलेत, त्यात काही शेतकऱ्यांचे आहेत, काही नर्सिंगच्या आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) मुलामुलींचे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं वाचा. मातीची, शेणाची, चेंगरल्याची जखम झाली आणि काही तासांनी दुखणं जखमेच्या मानाने भलतंच वाढत चाललं, तर वरून जखम कितीही साधी दिसू दे, त्याच रात्री सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघू नका. या आजारात तास मोजले जातात, दिवस नाही.

गॅस गँगरीन म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

हे स्नायूंचं इन्फेक्शन आहे, नुसत्या कातडीचं नाही. क्लॉस्ट्रिडियम जातीचे बॅक्टेरिया रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत जाऊन पडतात, तिथं वाढतात, विष सोडतात, त्या विषाने शेजारचा चांगला स्नायू मरतो आणि मग बॅक्टेरिया त्या नव्याने मेलेल्या भागात सरकतात, असं ते पुढंपुढं जात राहतं. वाढताना ते स्नायूतली साखर आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हा गॅस स्नायूंच्या थरांमध्ये अडकतो, म्हणून वरून बोटाने दाबलं की कातडीखाली चरचर लागते. सर्जन लोक याला क्लॉस्ट्रिडियल मायोनेक्रोसिस म्हणतात, फाइलवर तसं लिहिलेलं दिसलं तर घाबरून वेगळा आजार समजू नका, तो हाच.

पण गॅस हा यातला मुख्य गुन्हेगार नाही. माणूस जातो तो विषामुळे.

कुठल्या बॅक्टेरियामुळे होतं?

बहुतेक वेळा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. जखमेतून होणाऱ्या दहातल्या साधारण आठ केसेसमध्ये हाच सापडतो. जुन्या पुस्तकांत याचंच नाव क्लॉस्ट्रिडियम वेल्शाय असं आहे कारण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम वेल्श आणि जॉर्ज नटॉल यांनी १८९२ मध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन छापलं. एका पेशंटच्या पोस्टमॉर्टेममध्ये त्यांना रक्तवाहिन्यांत गॅसचे बुडबुडे दिसले आणि त्या रक्तात हे जाडजूड दंडगोल जंतू.

बाकी सेप्टिकम, नोव्हाय, हिस्टोलिटिकम, सॉर्डेली हे त्याचे भाऊबंद. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सेप्टिकम जखम नसतानाही येतो, त्यावर खाली वेगळं लिहिलंय. नोव्हायने २००० साली स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्यांमध्ये साथ आणली होती. सॉर्डेली बाळंतपण किंवा गर्भपातानंतर गर्भाशयात शिरलेला सापडतो आणि तिथं तर ताप पण येत नाही कधीकधी, म्हणून तो फार फसवा. असुरक्षित ठिकाणी, अस्वच्छ वस्तू घालून केलेल्या गर्भपातातून क्लॉस्ट्रिडियमने बायका मेलेल्या आहेत. कायद्याने १९७१ पासून गर्भपाताची सोय आहे तर ती रजिस्टर्ड हॉस्पिटलमध्येच वापरावी, लपूनछपून कुठंही जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

हे जंतू येतात तरी कुठून?

कुठूनच यायला लागत नाहीत, ते आहेतच. शेतातल्या मातीत, शेणखतात, गोठ्यात, रस्त्याच्या धुळीत, आणि माणसाच्या व जनावराच्या आतड्यात सुद्धा. प्रतिकूल परिस्थितीत हे जंतू स्पोअर बनवून राहतात, म्हणजे जाड कवचातलं निद्रिस्त रूप, आणि त्या रूपात वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. स्पिरिटने मरत नाहीत, सॅनिटायझरने मरत नाहीत, काही जातींचे स्पोअर तर उकळत्या पाण्यातही टिकतात. म्हणून हत्यारं नुसती उकळून चालत नाही, ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, १२१ डिग्रीला पंधरा मिनिटं. हात सुद्धा साबणपाण्यानेच धुवायचे, स्पोअर मरत नसले तरी पाण्याबरोबर वाहून जातात.

एवढे सगळीकडे आहेत तर रोज शेतात राबणाऱ्या माणसाला का होत नाही?

कारण यांना ऑक्सिजन सोसत नाही. जिवंत, नीट रक्त खेळणाऱ्या स्नायूत ऑक्सिजन भरपूर असतो, तिथं स्पोअर पडला तरी उगवत नाही. तुमच्या पायाला खरचटतं, काटा बोचतो, विळा लागतो आणि आठवड्यात बरं होतं, त्यातल्या कितीतरी जखमांमध्ये हे जंतू आलेले आणि तसेच गेलेले असतात. मातीच्या जखमेचा नुसता कल्चर केला, म्हणजे सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, तर क्लॉस्ट्रिडियम निघू शकतो आणि पेशंट मस्त हिंडतफिरत असतो. म्हणून नुसत्या रिपोर्टवर कुणी गॅस गँगरीन म्हणत नाही, म्हणू पण नये.

धोका कुठं आहे तर खोल जखम, चेंगरलेला स्नायू, मोठी रक्तवाहिनी तुटलेली, आत कापडाचा तुकडा किंवा माती किंवा लाकडाची ढलपी राहिलेली, हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर. रोटाव्हेटरमध्ये सापडलेला पाय, कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात गेलेला हात, ट्रॅक्टरची ट्रॉली अंगावरून गेलेली, उसाच्या चरकात हात ओढला गेलेला, या जखमा बघा ना, स्नायूचा लगदा पण झालेला असतो आणि माती-शेण पण आत गेलेलं असतं. जंतूला यापेक्षा सोयीची जागा नाही. त्यावर कुणीतरी रक्त थांबावं म्हणून करकचून कापड बांधतं आणि तालुक्याला पोचेपर्यंत तीन तास ते तसंच राहतं, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजनही बंद.

फ्रॅक्चरला बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधणं हे पण यातलंच. बोटं गार, काळीनिळी पडली, मुंग्या येऊन मग बधिर झाली तरी पट्टी सोडत नाहीत लोक, कारण हाडवैद्याने सांगितलेलं असतं की एकवीस दिवस हात लावायचा नाही. बोटं गार पडली तर पट्टी त्याच क्षणी सोडायची, कुणी काहीही सांगितलेलं असू दे.

टीटीचं इंजेक्शन घेतलंय, मग भीती नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर नीट लक्षात ठेवा. टीटी, म्हणजे आता जे टीडी म्हणून देतात ते, धनुर्वातापासून वाचवतं. गॅस गँगरीनपासून नाही. धनुर्वाताचा जंतू क्लॉस्ट्रिडियम टेटनाय हा याच कुळातला आहे, तो पण मातीत राहतो, म्हणून लोकांचा घोटाळा होतो पण त्याचं विष वेगळं, आजार वेगळा. इंजेक्शन घ्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, पण "इंजेक्शन झालंय, आता काही होत नाही" असं म्हणून सुजत चाललेल्या पायाकडे दुर्लक्ष करणं हे जिवावर बेतू शकतं. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि ड्रेसिंग झालं, पेशंट घरी गेला, रात्रभर तळमळला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे आला, ही हकीकत खिडकीवर वेगवेगळ्या घरच्यांकडून ऐकायला मिळते.

माणसासाठी लस का नाही मग?

पूर्वी घोड्याच्या रक्तापासून केलेलं अँटीटॉक्सिन द्यायचे, युद्धाच्या काळात खूप वापरलं गेलं, पण फायदा बेताचा आणि रिअॅक्शनचा त्रास मोठा म्हणून मागं पडलं. माणसासाठी वापरात असलेली लस नाही. जखम नीट साफ होणं हाच बचाव.

लक्षणं किती वेळात दिसतात आणि घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

बहुतेकदा चोवीस तासांच्या आत. कधी सहा तासांतच सुरू होतं, कधी दोन-तीन दिवस जातात.

पहिलं लक्षण दुखणं. अचानक सुरू होतं, वाढत जातं, जखमेच्या आकाराशी त्याचा काही मेळच नसतो, पेनकिलरला दाद देत नाही. वरून बघावं तर जखमेभोवती थोडी सूज, कातडी ताणलेली, फिकट, चकचकीत. याच टप्प्यावर फसगत होते, "एवढंसं तर लागलंय, नाटकं करतो" असं घरात म्हटलं जातं. दुखणाऱ्यावर विश्वास ठेवा.

मग कातडीचा रंग बदलतो, तांबूस-पितळी होतो, पुढं जांभळट-काळा. त्यावर फोड येतात आणि फोडात लालकाळं पाणी भरतं. जखमेतून घट्ट पू येत नाही, पातळ तपकिरी पाणी झिरपतं, त्याला गोडसर कुबट वास असतो, ज्या सिस्टरनी एकदा घेतलाय त्या ड्रेसिंग उघडल्याउघडल्या ओळखतात. दाबलं की चरचर. पण चरचर लागायची वाट बघू नका, ती उशिरा येते आणि काही पेशंटमध्ये लागतच नाही.

अंगभर काय होतं तर नाडी खूप धावते, तापाच्या मानाने जास्तच. ताप कमी असू शकतो. घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, बीपी खाली जायला लागतं. विषाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे दिसतात, हिमोग्लोबिन बघता बघता खाली येतं, मग किडनी बंद पडायला लागते. आणि मन हेलावणारी गोष्ट ही की पेशंट बराच वेळ पूर्ण शुद्धीत असतो, नीट बोलतो, सगळं समजतं त्याला. बोलतोय म्हणजे बरा आहे असं नातेवाईक धरून चालतात.

सूज किती पसरते ते बघायचा एक सोपा उपाय, बॉलपेनने सुजेच्या कडेवर रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. तासाभरात सूज रेघेच्या पुढं गेली तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ते दाखवा, कुठल्याही वर्णनापेक्षा लवकर कळतं.

जखमेत पू नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही, बरोबर?

अगदी उलट. यावर जरा सविस्तर सांगतो कारण हे मी रोज ज्या कामात असतो त्यातलं आहे.

साध्या इन्फेक्शनमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, जंतूंशी लढतात, मरतात, आणि त्या मेलेल्या पेशींचाच पू होतो. परफ्रिंजेन्सचं मुख्य विष म्हणजे अल्फा टॉक्सिन. हे एक एन्झाइम आहे, पेशीच्या आवरणातलं लेसिथिन तोडतं. मॅकफार्लेन आणि नाइट यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं आणि कुठल्याही बॅक्टेरियाचं विष नेमकं कुठलं केमिकल काम करतं हे कळायची ती पहिलीच वेळ. या विषामुळे छोट्या रक्तवाहिन्यांत प्लेटलेटचे गठ्ठे जमतात, वाहिन्या तुंबतात, रक्त पुढं जात नाही, ऑक्सिजन जात नाही. थीटा नावाचं दुसरं विष त्याला साथ देतं. पांढऱ्या पेशी वाहिनीच्या आतच भिंतीला चिकटून अडकतात, जखमेपर्यंत पोचतच नाहीत.

त्यामुळे त्या तपकिरी पाण्याची ग्रॅम स्टेनची (जंतू रंगवून बघायची पद्धत) स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की दिसतं काय, तर मोठे, जाड, चौकोनी टोकांचे जांभळे दांडके, मालगाडीच्या डब्यांसारखे, आणि आजूबाजूला पस सेल, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नाहीतच. फुटलेल्या स्नायूचे गुलाबी तुकडे, जंतू, आणि मधे मोकळी जागा. स्पोअर पण सहसा दिसत नाहीत. अशी स्लाइड दिसली की आम्ही रिपोर्ट टाइप करत बसत नाही, सरळ वॉर्डात फोन करतो. स्लाइडला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कल्चरला एक-दोन दिवस. या आजारात कल्चरची वाट बघणारा सर्जन नसतो, नसावा.

एक्सरेमध्ये गॅस दिसला म्हणजे नक्की हेच का?

नाही. डायबेटिसच्या पेशंटमध्ये ई कोलाय, क्लेब्सिएला असे दुसरे जंतू पण गॅस करतात. उघड्या जखमेतून हवा आत गेलेली असू शकते, हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम धुतली असेल तर त्याचे बुडबुडे सुद्धा दिसतात. गॅस स्नायूंच्या धाग्यांमधून पिसासारखा पसरलेला दिसला तर संशय पक्का होतो. आणि एक्सरेत गॅस नाही म्हणून आजार नाही असंही नाही. शेवटी खात्री ऑपरेशन टेबलावर होते, सर्जन स्नायू उघडून बघतात. चांगला स्नायू लाल असतो, चिमटा लावला की आखडतो, कापला की रक्त येतं. यातला स्नायू आधी फिकट, मग विटकरी, मग काळा, चिमट्याला हलत नाही, कापला तरी रक्त येत नाही.

आईला शुगर आहे, पायाचं बोट काळं पडून वाळलंय, हे गॅस गँगरीन का?

वाळलेलं, सुकलेलं, कडक काळं बोट म्हणजे कोरडं गँगरीन, रक्तवाहिनी हळूहळू बंद झाल्यामुळे होतं. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांनाही होतं. ते आठवड्या-महिन्यांचं काम आहे, लगेच जीव जात नाही पण व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवायलाच हवं. तेच बोट ओलं झालं, वास यायला लागला, सूज वर चढायला लागली, ताप आला, तर ती इमर्जन्सी, मग जंतू कुठला ते नंतर बघू, आधी हॉस्पिटल. शुगरवाल्यांना नसा बधिर झाल्यामुळे दुखणं कळतच नाही, म्हणून त्यांच्यात "फार दुखतंय का" या प्रश्नावर विसंबून चालत नाही. रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या घरच्यांनी उजेडात बघाव्यात.

जखमच झाली नव्हती तरी झालं, असं कसं?

हा क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम. तो आतड्यातून रक्तात येतो आणि लांबच्या स्नायूत जाऊन बसतो. परफ्रिंजेन्सपेक्षा हा थोडाफार ऑक्सिजन सोसतो म्हणून धडधाकट स्नायूतही वाढू शकतो. आतड्यातून बाहेर पडायला त्याला भोक लागतं, आणि ते बऱ्याचदा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमुळे पडलेलं असतं, किंवा रक्ताच्या कॅन्सरमध्ये, केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खूप कमी झाल्या की. म्हणून कल्चरमध्ये सेप्टिकम आला आणि पेशंट वाचला तर कोलोनोस्कोपी (नळीतून मोठं आतडं तपासणं) करून घ्यायलाच पाहिजे. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, नातेवाईकांनी स्वतःहून विचारा.

अजून एक, स्नायूत दिलेल्या इंजेक्शननंतरही क्वचित होतं, त्यातल्या त्यात अॅड्रेनलिननंतर, कारण ते तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पाववतं. म्हणून कुल्ल्यावर इंजेक्शन देण्याआधी कातडी नीट साफ करायची, आणि गरज नसताना "सुई टोचाच" असा डॉक्टरकडे हट्ट धरायचा नाही.

उपचार काय?

ऑपरेशन. तेही लगेच, रात्री दोन वाजता आलं तर रात्री दोन वाजता. मेलेला सगळा स्नायू काढून टाकायचा, रक्त येईपर्यंत, आणि जखम उघडी ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, घेऊन बघायचं, लागलं तर अजून काढायचं. याच्या बरोबरीने शिरेतून पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन. पेनिसिलिन जंतू मारतं, क्लिंडामायसिन जंतूचं विष बनवणंच थांबवतं, म्हणून दोन्ही लागतात. सुरवातीला जंतू नक्की कुठला ते माहीत नसतं म्हणून अजून व्यापक अँटिबायोटिक पण जोडतात. सलाइन, रक्त, आयसीयू, गरज पडली तर डायलिसिस.

नुसत्या अँटिबायोटिकवर का भागत नाही असं विचारतात. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या स्नायूत रक्तच जात नाही, तिथं पोचणार कसं?

पाय कापावाच लागतो का?

प्रत्येक वेळी नाही. एकदोन स्नायूंपुरतं असेल आणि लवकर सापडलं तर तेवढेच काढून पाय राहतो. पण पूर्ण मांडी किंवा पोटरी गेली असेल, पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे बीपी कोसळलेलं असेल, तर कापण्यावाचून मार्ग नसतो. इथं घरच्यांकडून एक गोष्ट होते ती मनापासून सांगावीशी वाटते. सहीचा कागद पुढं येतो, आणि मग काका येऊ देत, मोठा भाऊ पुण्याहून निघालाय, अजून एका डॉक्टरला विचारू, यात चार तास जातात. तरण्याताठ्या मुलाचा पाय कापायला सही करणं काय असतं ते मी समजू शकतो, कुणालाही ते जमत नाही पटकन. पण त्या चार तासांत जी रेषा गुडघ्याखाली होती ती मांडीवर जाते, आणि मांडीवरची कमरेवर गेली की कापायला काही उरत नाही. योग्य परिस्थिती मिळाली तर हे जंतू दहाबारा मिनिटांत दुप्पट होतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर फोनवर, फोटो पाठवून, त्याच तासात घ्या.

हायपरबॅरिक ऑक्सिजनने बरं होतं म्हणे?

अॅमस्टरडॅममध्ये १९६१ साली बोएरेमा आणि ब्रुमेलकांप यांनी हे पहिल्यांदा वापरलं. पेशंटला बंद चेंबरमध्ये ठेवून वातावरणाच्या अडीच-तीन पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. तत्त्व बरोबर आहे, ऑक्सिजन वाढला की अल्फा टॉक्सिन बनणं थांबतं. पण माणसांवरचा पुरावा अजून पक्का नाही आणि चेंबर मोजक्याच शहरांत आहेत. हॉस्पिटलमध्येच सोय असेल तर ऑपरेशननंतर जोड म्हणून द्यावं. ऑपरेशन न करता चेंबर शोधत दीडशे किलोमीटर नेणं म्हणजे वेळ घालवणं, हे माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांनी एवढी मोठी जखम टाके न घालता उघडी का ठेवली?

कारण त्यांना त्यांचं काम कळतं. मातीची जखम लगेच शिवली की आत ऑक्सिजन बंद, घाण आतच बंद. नातेवाईक भांडतात, "टाके घालायला पण येत नाहीत का यांना", आणि काही ठिकाणी मग दबावाखाली घालून टाकतात.

हे शहाणपण पहिल्या महायुद्धात फार मोठी किंमत देऊन आलं. १९१४ मध्ये फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्सच्या शेतांत खंदक खणले गेले, पिढ्यान्पिढ्या शेणखत घातलेली ती जमीन, तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर चिखल आणि कपड्यांचे तुकडे स्नायूत खोल जायचे, जखमी सैनिक कधीकधी दिवसदिवस तसेच पडून राहायचे. आपले हिंदी सैनिकही त्याच चिखलात होते. सुरवातीला सर्जन जखम थोडी साफ करून शिवून टाकायचे आणि गॅस गँगरीनने माणसं पटापट जायची. मग बेल्जियमचे आंत्वान दपाज आणि इतर सर्जनांनी मेलेला सगळा भाग कापून काढायचा, जखम उघडी ठेवायची, काही दिवसांनी स्वच्छ झाली की मगच शिवायची ही पद्धत बसवली. कॅरेल आणि डेकिन यांनी हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणाने जखम सतत धुवायची पद्धत काढली, ते डेकिन सोल्यूशन आजही कुठल्याकुठल्या वॉर्डात मिळतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लवकर ऑपरेशन, रक्त देण्याची सोय आणि शेवटी पेनिसिलिन यामुळे प्रमाण कितीतरी खाली आलं.

जखम झाली तर घरी, बांधावर काय करायचं?

वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, बोअरच्या नळाखाली धरा, दहा मिनिटं तरी, साबण लावून. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने दाबून धरा. दोरीने करकचून आवळू नका, रक्ताची चिळकांडीच उडत असेल आणि दाबून थांबत नसेल तरच, आणि मग बांधल्याची वेळ लिहून ठेवा. आत रुतलेली मोठी वस्तू उपसू नका. शेण, माती, राख, तंबाखू, चुना, बिडीचा कागद, यातलं काहीही लावू नका, शेण-माती म्हणजे तर स्पोअरच भरणं. हळदीबद्दल आजीशी वाद घालायची इच्छा नाही पण खोल जखमेत डबी उघडून हळद दाबणं नको, डॉक्टरला धुऊन काढताना त्रास होतो आणि जखम दिसत नाही. १०८ ला फोन करा आणि पोचल्यावर आपणहून सांगा की जखम शेतात झाली, गोठ्यात झाली, किती वाजता झाली.

एकाकडून दुसऱ्याला होतो का? आम्ही पेशंटजवळ बसलो तर?

बसा, हात धरा, काही होत नाही. हवेतून, शिवण्याने पसरत नाही. ड्रेसिंगला हात लावलात तर साबणाने धुवा. ओटी बंद ठेवून धुतात, फ्युमिगेशन करतात, ते स्पोअर पुढच्या पेशंटच्या उघड्या जखमेत जाऊ नयेत म्हणून.

गुरांचा फऱ्या आणि हे एकच का?

जवळचं नातं आहे. फऱ्या, काही भागात एकटांग्या म्हणतात, तो क्लॉस्ट्रिडियम शोव्हियायमुळे होतो आणि ते गुरांचं गॅस गँगरीनच म्हणायला हरकत नाही. सहा महिने ते दोनेक वर्षांचं, अंगाने चांगलं भरलेलं वासरू एकदम ताप येऊन लंगडायला लागतं, फऱ्यावर किंवा खांद्यावर सूज, दाबलं की चरचर, आणि एकदोन दिवसांत जातं. बाहेर जखम असायलाच हवी असंही नाही, चरताना स्पोअर पोटात जातात. गुरांना मात्र याची लस आहे, पावसाळ्याआधी घटसर्पाबरोबर टोचून घ्यायची, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मेलेलं जनावर उघडू नका, सोलू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर त्या रानात स्पोअर राहतात. माणसाला या जंतूपासून सहसा आजार होत नाही. शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार मात्र खुद्द परफ्रिंजेन्सचाच, डी टाइपचा, त्याचीही लस पावसाळ्याआधी.

हाच जंतू मटणातून पोटात जातो असं वाचलं, मग गँगरीन होईल का?

नाही होणार. परफ्रिंजेन्सच्या काही जाती अन्नातून विषबाधा करतात, तिचं विषच वेगळं. मोठ्या पातेल्यात शिजवलेलं मटण किंवा रस्सा रात्रभर तसाच कोमट राहिला की शिजताना वाचलेले स्पोअर उगवतात. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब, ताप-उलटी सहसा नाही, एका दिवसात बहुतेकांना बरं वाटतं. भंडारा, लग्नाचं जेवण असेल तर उरलेलं पसरट भांड्यांत काढून लवकर गार करा आणि वाढताना परत उकळा.

वाचायची शक्यता किती?

हातापायाला झालेलं, लवकर ऑपरेशन झालेलं असेल तर बहुतेक पेशंट वाचतात, तरी शंभरात वीस-तीस जातात. पोटाला, छातीला, कमरेला झालं तर अवघड. जखमेशिवाय येणारं सेप्टिकमचं त्याहून अवघड. उपचारच झाले नाहीत तर कुणी वाचत नाही.

मी डीएमएलटीला आहे, परफ्रिंजेन्सबद्दल काय पक्कं करू? आणि सॅम्पल कसं घ्यायचं?

रॉबर्टसन कुक्ड मीट मीडियममध्ये मांसाचे तुकडे गुलाबी होतात आणि गॅस येतो, काळे होत नाहीत, ते प्रोटीन पचवणाऱ्या जाती करतात. ब्लड अगारवर दुहेरी हिमोलिसिसचं वर्तुळ. एग योक अगारवर नॅगलर रिअॅक्शन, अर्ध्या प्लेटला अँटीटॉक्सिन लावलेलं, तिथं गढूळपणा येत नाही, दुसऱ्या अर्ध्यावर येतो, तेच ते अल्फा टॉक्सिन लेसिथिन तोडतंय. लिटमस मिल्कमध्ये दूध गोठतं आणि गॅसने गोळा फाटून वर फेकला जातो. जंतू हालचाल करत नाही, कॅप्सूल असतं.

सॅम्पल म्हणजे स्नायूचा तुकडा किंवा सिरिंजने ओढलेलं पाणी. वरवर फिरवलेला कोरडा स्वॅब फारसा कामाचा नाही, त्यावर कातडीचेच जंतू जास्त येतात आणि हवेने हे जंतू मरतात. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, रूम टेम्परेचरला, लगेच. फॉर्मवर जखम कशी झाली आणि किती वाजता ते लिहा, संशय काय आहे ते पण लिहा, कारण नुसतं "पस फॉर कल्चर" लिहून आलं तर अॅनारोबिक (ऑक्सिजनशिवायचं) कल्चर लावलं जाईलच असं नाही. आणि रात्रीचं असेल तर बाटली काउंटरवर ठेवून जाऊ नका, ड्युटीवर जो असेल त्याला उठवा आणि सांगा की स्लाइड आत्ता बघा.